‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नेमकं काय?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रेशनच्या दुकानात, बँकेत, सेतू केंद्रात, दवाखान्याच्या नोंदणी-खिडकीवर एक वाक्य आता सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ हे ऐकलं की रांग मुकाट्याने मोडते. पाऊस आला म्हणून बाजार उठावा, तशी. पावसाशी कोण भांडणार? पण सर्व्हर हा माणसानेच लिहिलेला प्रोग्रॅम असतो आणि तो बोलत नसेल तर त्याला काहीतरी कारण असतं. गंमत अशी, की या एका वाक्याखाली निदान चार वेगवेगळी कारणं दडलेली असतात. त्यातल्या काहींमध्ये तर सर्व्हर बिचारा ठणठणीत असतो.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्रांशी माझा तसा संबंध नाही. पण दोन संगणक एकमेकांशी बोलतात कसे, हा प्रश्न अखेर भाषेचाच आहे. आधी कुणी बोलायचं, कुणी ऐकायचं, वाक्य संपलं हे समोरच्याला कसं कळायचं आणि उत्तर आलंच नाही तर काय समजायचं? या प्रश्नांची उत्तरं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आधीच द्यावी लागतात. ती तो कशी देतो, हे आज आपण ‘जावा’ या भाषेच्या आधाराने पाहू. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भाषा घडवली आणि १९९५मध्ये ती जगापुढे आली. पुढे २०१०मध्ये ती कंपनी ओरॅकलने घेतली. इंटरनेट घरोघरी पोचू लागण्याच्या सुमारासच ही भाषा आली, त्यामुळे जाळ्यावर बोलण्याची सोय तिच्यात सुरुवातीपासूनच होती.

खिडकीच्या आतला आणि बाहेरचा

सर्व्हर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गार खोलीतलं मोठं यंत्र येतं. खरं तर सर्व्हर ही एक भूमिका आहे. जो प्रोग्रॅम खिडकी उघडून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतो तो सर्व्हर. जो खिडकीपाशी जाऊन मागणी करतो तो क्लायंट. पहिलं वाक्य नेहमी क्लायंटचं, पण त्याआधी सर्व्हर जागेवर बसलेला हवा. एवढा एक नियम ध्यानात ठेवला की निम्मा विषय समजला.

आपल्याकडे सामान्य माणसाला या व्यवस्थेची पहिली ओळख रेल्वेने करून दिली. नागपूर म्हणजे मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन मोठ्या मार्गांचा चौक. संगणक येण्यापूर्वी स्टेशनागणिक जागांचा कोटा असे, नोंदी जाड रजिस्टरांत होत आणि दुसऱ्या गावाहून परतीचं आरक्षण हवं असेल तर तार करावी लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यात दिल्लीपासून संगणकीकृत आरक्षण सुरू झालं. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रं उभी राहिली आणि १९९९च्या एप्रिलमध्ये ती पाचही एकमेकांशी जोडली गेली. कुठल्याही गावाहून कुठल्याही गावचं तिकीट मिळू लागलं ते तेव्हापासून. ऑगस्ट २००२मध्ये हेच तिकीट इंटरनेटवर आलं. खिडकीवरचा बाबू पडद्यावर जे टंकित करतो ती मागणी, आणि दूरच्या केंद्रातून येतं ते उत्तर. बाबूसमोरचं यंत्र क्लायंट, केंद्रातलं सर्व्हर.

पत्ता आणि खिडकीचा क्रमांक

मागणी पोचायची तर पत्ता हवा. इथे एका कवीची आठवण काढायला हवी. आपण पत्रावर लिहितो तो पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते केंद्राच्या दळणवळण खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. आपल्या ४४०००१ या क्रमांकातला पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा विभाग. पहिले तीन आकडे मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आकडे नेमकं डाकघर सांगतात. कोलकात्यात टपाल वेगळं करणाऱ्याला नागपूरच्या गल्ल्या ठाऊक असण्याची गरज नाही. पहिला आकडा पाहून त्याने ते योग्य गाडीत टाकलं की त्याचं काम संपलं.

इंटरनेटवरचा ‘आयपी पत्ता’ नेमका याच तत्त्वावर चालतो. त्याचा पुढचा भाग जाळं सांगतो, मागचा भाग त्या जाळ्यातलं यंत्र सांगतो. वाटेतली यंत्रं, म्हणजे राउटर, फक्त पुढचा भाग पाहून पाकीट पुढे ढकलतात. जुन्या पद्धतीत असे सुमारे ४३० कोटी पत्ते बनू शकतात. जगाची लोकसंख्या २०२२मध्येच ८०० कोटींवर गेली. हे पत्ते अपुरे पडणार हे त्याआधीच ओळखून त्याहून कितीतरी लांब पत्त्यांची नवी पद्धत आणली गेली होती. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत. त्यामुळे आपण नाव टंकित करतो आणि नावावरून आकडा शोधून देणारी एक वेगळी व्यवस्था ते काम करते. तिला ‘डीएनएस’ म्हणतात. ती जाळ्याची टेलिफोन डिरेक्टरी.

पत्ता सापडला तरी काम संपत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या मोठ्या डाकघरात गेलात तर एका खिडकीवर तिकिटं, दुसऱ्या खिडकीवर बचतखातं, तिसऱ्या खिडकीवर पार्सल. इमारत एकच. तसं एका यंत्रावर अनेक प्रोग्रॅम वाट पाहत बसलेले असतात. प्रत्येकाच्या खिडकीला एक क्रमांक असतो, त्याला ‘पोर्ट’ म्हणतात. हे क्रमांक ० ते ६५५३५ असे असतात. वेबपानं ८० क्रमांकावर मिळतात आणि कुलूपबंद, सुरक्षित पानं ४४३वर. टपाल-सर्व्हर एकमेकांना ईमेल देतात ते २५वर. पत्ता आणि पोर्ट दोन्ही बरोबर असतील तरच तुम्ही योग्य माणसापुढे उभे राहता.

साचा आणि मूर्ती

जावा ही ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ भाषा आहे. शब्द भारदस्त आहे, कल्पना ओळखीची आहे. आपल्या चितार ओळीतला कारागीर एक साचा करतो आणि त्यातून अनेक मूर्ती काढतो. साचा एक, मूर्ती अनेक आणि प्रत्येक मूर्तीची पूजा वेगळ्या घरी. प्रोग्रॅमच्या भाषेत साच्याला ‘क्लास’ म्हणतात आणि मूर्तीला ‘ऑब्जेक्ट’. प्रत्येक ऑब्जेक्टजवळ त्याची स्वतःची माहिती असते आणि त्याला सांगता येतील अशी ठरावीक कामं असतात. पोटात काय चाललं आहे, याच्याशी वापरणाऱ्याला देणंघेणं नसतं.

जाळ्यावर बोलण्यासाठी जावामध्ये मुख्यतः दोन साचे आहेत. एक ‘सॉकेट’, दुसरा ‘सर्व्हरसॉकेट’. सॉकेट हा शब्द आपण विजेच्या बोर्डासाठी वापरतो. प्लग खोचला की पलीकडचं वीजकेंद्र कुठे आहे, तारा कुठून आल्या, हे विचारावं लागत नाही. इथेही तसंच. ही कल्पना जावाहून जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाने १९८३च्या सुमारास युनिक्स या यंत्रणेत ती आणली.

सर्व्हर लिहिणारा काय करतो पाहा. तो सर्व्हरसॉकेटच्या साच्यातून एक ऑब्जेक्ट काढतो आणि त्याला पोर्टचा क्रमांक देतो. खिडकी उघडली. मग त्याला सांगतो, ‘अ‍ॅक्सेप्ट’. या एका शब्दावर प्रोग्रॅम थांबतो आणि गिऱ्हाईक येईपर्यंत तिथेच बसून राहतो. गिऱ्हाईक आलं की ‘अ‍ॅक्सेप्ट’ त्याच्यासाठी एक ताजा सॉकेट काढून देतो. जणू खिडकीवरचा माणूस म्हणतो, ‘तुम्ही आत त्या टेबलावर बसून बोला, खिडकी मला पुढच्यासाठी मोकळी हवी.’ क्लायंट लिहिणाऱ्याचं काम त्याहून सोपं. तो सॉकेटच्या साच्यातून ऑब्जेक्ट काढतो, त्याला पत्ता आणि पोर्ट सांगतो. जोडणी झाली की प्रत्येक सॉकेटमधून दोन धारा निघतात, एक बोलण्याची, एक ऐकण्याची. बोलून झालं की सॉकेट बंद करायचा. तो बंद करायचं विसरलं तर उघडी टेबलं साचत जातात आणि एक दिवस नव्या माणसाला जागाच उरत नाही.

नभोवाणी आणि पोचपावती

या सॉकेटच्या पोटात काय चालतं, त्यावर एक नजर टाकू. तुमचा मजकूर लहानलहान पाकिटांत वाटला जातो. पाकिटं वेगवेगळ्या वाटांनी जातात, मागची पुढे पोचतात, काही हरवतात. पलीकडची बाजू ती क्रमाने लावते आणि मिळालेल्याची पोच देते. पोच आली नाही तर पाकीट पुन्हा पाठवलं जातं. या शिस्तीला ‘टीसीपी’ म्हणतात. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४मध्ये तिचा पाया मांडला. पूर्वी महत्त्वाचं पत्र पोचपावतीसह रजिस्टरने जात असे, त्याची ही आठवण. डाकखात्याने २०२५मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं, पण पोचेचं तत्त्व जाळ्यात जिवंत आहे.

बोलण्याआधी दोन्ही बाजू तीनदा एकमेकींना हाक देतात. जुन्या ट्रंककॉलसारखं. ‘ऐकू येतंय का?’ ‘येतंय. माझं तुम्हाला येतंय का?’ ‘हो, येतंय.’ तीनच वेळा का? कारण दोनदा बोलून पहिल्याची खात्री होते, दुसऱ्याची होत नाही. आपला आवाज पोचतो की नाही, हे दुसऱ्याला तिसऱ्या वाक्यानेच कळतं.

याउलट दुसरी एक पद्धत आहे, ‘यूडीपी’. ती पाकीट सोडून देते आणि मागे वळून पाहत नाही. तिची नभोवाणीशी तुलना करता येईल. १९८८मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, ती रात्रीच्या वेळी नागपूरच्या १५६६ किलोहर्ट्झवरून देशभर ऐकू जाई. पुढे ती बंद झाली. त्या आवाजाला कोण जागं आहे आणि कोण झोपलं, याची पोच कधी मिळत नसे. तरी ज्याला हवं त्याला ते ताबडतोब मिळे. व्हिडिओवर बोलताना एखादं अक्षर हरवलं तर चालतं, उशीर चालत नाही, म्हणून तिथे यूडीपी बरी. पैशाच्या व्यवहारात एक अक्षरही हरवून चालत नाही. तिथे टीसीपी हवी.

वाक्य कुठे संपतं?

नवशिक्या प्रोग्रॅमरची फसगत इथे होते. टीसीपी मजकूर क्रमाने आणि पुरता पोचवते, पण तो नदीसारखा सलग पोचतो. एकीकडे दोन वाक्यं दोनदा पाठवली, तर दुसरीकडे ती एकत्र मिळू शकतात किंवा तीन तुकड्यांत मिळू शकतात. तारेत वाक्य संपलं हे कळावं म्हणून ‘स्टॉप’ हा शब्द लिहीत. इथेही तसा काही करार आधी करावा लागतो. ओळ संपली की वाक्य संपलं असं मानायचं, किंवा मजकुरापूर्वी त्याची लांबी सांगायची. अशा कराराला ‘प्रोटोकॉल’ म्हणतात.

लांबी सांगायची म्हटली की आपल्या भाषेचा प्रश्न येतो. तारेतून अक्षरं जात नाहीत, आकडे जातात. त्यांना ‘बाइट’ म्हणतात. आज सर्वत्र रूढ असलेल्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, उर्दू लिपीतल्या अक्षराला दोन आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी यांचेही तीन-तीन. ‘सलाम’ मी उर्दूत लिहिला तर तो आठ बाइटांत जातो, मराठीत लिहिला तर बाराही लागतात. ज्याने प्रोग्रॅम लिहिताना एक अक्षर म्हणजे एक बाइट असं गृहीत धरलं, त्याच्या हातून मराठी शब्द मधेच चिरला जातो आणि पलीकडे प्रश्नचिन्हं किंवा चौकोन उमटतात. जावाने सुरुवातीपासून युनिकोड स्वीकारलं, ही तिची मोठी कामगिरी. पण बाइटांचं अक्षरांत रूपांतर करताना कोणती पद्धत वापरायची हे प्रोग्रॅमरने सांगितलं नाही, तर बरीच वर्षं ते त्या-त्या यंत्राच्या मर्जीवर असे. २०२२मध्ये आलेल्या अठराव्या आवृत्तीपासून न सांगताही यूटीएफ-८ धरलं जातं. कार्डावर नाव चुकीचं छापलं जाणं ही साधी बाब नाही. त्या नावावर माणसाचं धान्य, पेन्शन, शिष्यवृत्ती अवलंबून असते.

शेवटचा बर्थ

एका वेळी एकच गिऱ्हाईक हाताळणारा सर्व्हर कुणाच्या कामाचा? म्हणून सर्व्हर प्रत्येक नव्या सॉकेटसाठी एक स्वतंत्र कारकून नेमतो. त्याला ‘थ्रेड’ म्हणतात. आता अडचण बघा. गाडीत एकच बर्थ उरला आहे. नागपूरच्या आणि पुण्याच्या खिडकीवरची मागणी एकाच क्षणी आली. दोन्ही कारकुनांनी वहीत पाहिलं, ‘एक शिल्लक’. दोघांनीही तिकीट फाडलं. वही खोटी नव्हती, कारकूनही चुकले नाहीत. पाहणं आणि लिहिणं यांमध्ये जो क्षण गेला त्याने घात केला. यावर जावात ‘सिंक्रोनाइज्ड’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ, वही एका वेळी एकाच्याच हाती, त्याचं पाहून-लिहून होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. मात्र हे कुलूप एकाच प्रोग्रॅमच्या आतलं. अनेक यंत्रं मिळून एक वही वापरत असतील तर असंच कुलूप माहितीच्या साठ्यावर, म्हणजे डेटाबेसवर लावावं लागतं.

चार कारणं, एक वाक्य

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जोडणी फसली तर जावा गप्प बसत नाही. ती ‘एक्सेप्शन’ नावाचा ऑब्जेक्ट हाती देते. त्यात काय बिघडलं ते लिहिलेलं असतं.

पहिला प्रकार, ‘अननोनहोस्ट’. नावावरून पत्ताच सापडला नाही. पुष्कळदा याचं कारण तुमच्याच दुकानात मोबाइलची रेंज नसणं हे असतं. भामरागडकडे किंवा मेळघाटात हा अनुभव नवा नाही. सर्व्हर आपल्या जागी व्यवस्थित चालू असतो, त्याला तुमची हाकच ऐकू गेलेली नसते. दुसरा, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. इमारत सापडली, यंत्र चालू आहे, पण त्या क्रमांकाची खिडकी बंद आहे. ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द अचूक बसतात ते इथे. तिसरा, ‘टाइमआउट’. हाक मारली, उत्तर नाही. केबल तुटली असेल, यंत्र बंद पडलं असेल किंवा गर्दी इतकी की तुमचा नंबरच लागत नाही. चौथा, ‘कनेक्शन रीसेट’. बोलता बोलता फोन कटला.

जावाचा एक कडक नियम मला फार आवडतो. जाळ्यावर बोलणारा प्रोग्रॅम लिहिलात आणि ‘बिघडलं तर काय करायचं’ हे कुठेच लिहिलं नाही, तर ती तो प्रोग्रॅम तयारच होऊ देत नाही. जाळं तुटणार, हे ती धरूनच चालते. पण नियम आला की पळवाटही येते. घाईतला प्रोग्रॅमर ती जागा कोरी सोडतो, किंवा चारही कारणांवर एकच पाटी लावतो, ‘सर्व्हर डाऊन’. म्हणजे यंत्राला खरं कारण माहीत असतं, वाटेत माणूस ते पुसून टाकतो.

आणखी एक कसोटी आहे. उत्तराची वाट किती वेळ पाहायची, हे सॉकेटला सांगावं लागतं. सांगितलं नाही तर जावाचा सॉकेट उत्तर वाचण्यासाठी अमर्याद थांबतो आणि पडद्यावर चक्र फिरत राहतं. मर्यादा घातली आणि ती संपली, तर पेच वेगळाच. मागणी पोचलीच नाही, की पोचून काम झालं आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं? क्लायंटला हे कळण्याचा मार्ग नाही. ‘पैसे कापले गेले, तिकीट मिळालं नाही’ ही तक्रार इथूनच जन्मते. न कळता पुन्हा पाठवलं तर पैसे दोनदा जातील. म्हणून चांगला प्रोग्रॅमर प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक देतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर म्हणतो, ‘हे काम झालं आहे, ही घ्या जुनी पावती.’ व्यवहार अडकला की आपणही हा क्रमांक आधी टिपून घ्यावा. तक्रार त्याच्यामुळेच पुढे सरकते.

यंत्राच्या अशा मौनाची किंमत सर्वात जास्त मोजतो तो रोजंदारीवरचा माणूस. ‘उद्या या’ म्हणजे त्याची एका दिवसाची मजुरी. ऑक्टोबर २०१७मध्ये केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना कळवलं, की आधार नाही, जोडणी मिळत नाही किंवा बोटाचा ठसा जुळत नाही, एवढ्या कारणाने खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारू नये. त्याची नोंद दुसऱ्या मार्गाने करून धान्य द्यावं. म्हणजे जाळं तुटलं तर काय करायचं, हे जावा जसं प्रोग्रॅमरला विचारते तसंच ते शासनानेही लिहून ठेवलं आहे. तेव्हा पुढच्या वेळी खिडकीवर ते वाक्य ऐकलंत तर शांतपणे दोन गोष्टी विचारा. रेंज गेली आहे, की खिडकी बंद आहे? आणि जोडणी नसली तर नोंद कोणत्या वहीत करता?